त्याचा पाय मी पाहिला नाही

वकिलाचा फोन आला तेव्हा मी तूरडाळ निवडत बसले होते. दुर्गहून त्याचा फोन आला की एकच बातमी असायची, म्हणून तो काही बोलायच्या आधीच मी विचारलं, "आता कोणती तारीख मिळाली?" तो मग म्हणाला, "माताजी, तारीख तो अगले महीने की मिली है... पर अंकलजी वहीं बेंच पर गिर गए. अस्पताल ले गए थे. नहीं रहे." माझा धाकटा भाऊ मधुकर ग्राहकांच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसल्या जागी गेला. सकाळी जाताना माझ्याशी धड बोलून गेला नव्हता. डबा मात्र घेऊन गेला होता, आणि तो न उघडलेला डबा संध्याकाळी त्याच्यासोबतच घरी आला. लोक भेटायला आले, म्हणाले, रडून घ्या आजी, मोकळं वाटेल. मला रडू आलं नाही. राग आला. सहा आठवडे झाले, अजून उतरला नाही, आणि आज हे लिहायला बसले तेसुद्धा त्या रागाच्या जोरावर.

मधूला मी कडेवर वाढवलं. वर्ध्याकडच्या आमच्या गावात शाळा होती, मी चौथी पास झाले, आणि मग आईनं सांगितलं की आता घरी राहा, धाकट्याला कोण पाहील? तो धाकटा हा. लग्न होऊन मी छत्तीसगडातल्या भिलाईला आले, नवरा पोलादाच्या प्लांटात क्लार्क, सेक्टर सहामध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर. काही वर्षांनी मधूही मागोमाग आला, आयटीआय करून फिटर म्हणून लागला, आणि आमच्याच पुढच्या खोलीत खाट टाकून राहिला. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मी शंभरदा विचारलं आणि त्यानं शंभरदा वेगळं उत्तर दिलं. त्याचं काम क्रेनच्या ब्रेकचं. छताजवळून चालणारी ती अवजड क्रेन वितळलेल्या लोखंडाची भलीमोठी बादली उचलून नेते, खाली माणसं काम करत असतात. ती बादली जिथे थांबायला हवी तिथेच थांबली पाहिजे, हे पाहणं त्याचं काम. चौतीस वर्षं त्यानं तेच पाहिलं. माझे यजमान गेल्यावर आणि त्याची नोकरी संपल्यावर आम्ही दोघं भिलाईतच रुआबांध्याला छोटं घर घेऊन राहिलो. तो घरात पसारा करायचा, मी ओरडायची. मिक्सर नीट चालत असला तरी उघडायचा. पंखा उतरवायचा. मी म्हणायची, "मध्या, तुले काही काम नाही का रे?" तो म्हणायचा, "हेच तं काम हाय."

गाडी त्यानं माझ्यासाठी घेतली असं तो सगळ्यांना सांगायचा. माझे गुडघे गेलेले, दवाखान्यात जायचं तर ऑटोत चढताना जीव जायचा. पण मी काही त्याला गाडी घे, असं म्हटलं नव्हतं. नवी कोरी गाडी, शोरूममधून हार घालून आणली, पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला, ब्रेक नरम लागतो. पाय खाली जातो, आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथून पुढे जाऊन थांबते. मला काही कळलं नाही, मी म्हटलं, नेऊन दाखव. तो घेऊन गेला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दिवसभर ठेवून घेतली आणि धुऊन परत दिली. कागदावर लिहिलं, तपासलं, काही दोष नाही. दुसऱ्यांदा नेली, तेच. चारदा नेली, चारही वेळा गाडी चकचकीत धुऊन आली आणि चारही कागदांवर तेच वाक्य. चौथ्या वेळी मधू त्यांना म्हणाला होता, "भाई, गाड़ी का मुँह मत धोओ, ब्रेक देखो." ते हसले. हे त्यानं मला घरी येऊन सांगितलं आणि तोही हसला. तेव्हा अजून हसू येत होतं.

मग ती सकाळ. आम्ही दवाखान्यातून परत येत होतो. ओव्हरब्रिज उतरताना समोर गर्दी, भाजीच्या हातगाड्या, आणि आमची गाडी थांबेचना. मी मांडीवर औषधांची पिशवी धरून समोर पाहत होते. मधूनं हँडब्रेक ओढला, गाडी तिरपी झाली आणि एका हातगाडीवर जाऊन आदळली. वांगी, टमाटे सगळं रस्त्यावर. हातगाडीमागची बाई खाली पडली, तिचा पाय मोडला. रामबती तिचं नाव, जामुलहून भाजी घेऊन येते. ती किंचाळत होती आणि भोवती जमलेले लोक माझ्या भावाच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणत होते, "डोकरा ने गलत पैडल दबा दिया." एकानं नाही, दहा जणांनी. मधू उत्तर द्यायला थांबला नाही. त्यानं तिला उचललं, ऑटोत घातलं, तिच्यासोबत गेला. पुढे पायाचं प्लास्टर निघेपर्यंत दर मंगळवारी जामुलच्या बसमध्ये बसून तिच्याकडे जायचा. ती त्याला म्हणायची, "भइया, तोर गाड़ी मा भूत हवय का?" तो म्हणायचा, भूत असतं तर मांत्रिकाकडे नेलं असतं. ज्या बाईचा पाय मोडला ती त्याला दोष देत नव्हती. दोष देणारे दुसरेच होते.

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला मॅनेजर, तिशीचा असेल, मधूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, बुरा मत मानिए, इस उमर में हो जाता है. ब्रेक समझकर एक्सिलरेटर दब जाता है." मीही होते तिथे. मधूचा चेहरा मी सत्तर वर्षं पाहिलाय, तसा कधी पाहिला नव्हता. त्याला शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "लिख के दो." मॅनेजर म्हणाला, त्यात लिहायचं काय? गाडी तशीच ओढून घरी आणली, आणि त्या दिवसापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी कागदावर लिहून द्यावं की ब्रेक खराब होता, माणूस नाही.

आणि मग त्यानं जे केलं त्याचा मला त्याच्या मरणाइतकाच राग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर हा अंगणात, गाडी जॅकवर, मागचं डावं चाक काढलेलं, ब्रेकचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. मला हाक मारली. "ताई, इकडे ये वं. पाह्य, इथून तेल गळून राहिलं होतं. चाकाले धरते ते लायनर सगळं भिजलं होतं. ब्रेक पकडन कसा?" मी वाकून पाहिलं. सगळं आरशासारखं स्वच्छ. मी म्हटलं, "मले तं कुठं तेल दिसत नाही."

"मी पुसलं ना."

"कावून पुसलं?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की मीच वेडी. "पुसल्याशिवाय दिसन कसं?" प्लांटात तसंच शिकवतात म्हणे. उघडलेला भाग आधी पुसायचा, मग बघायचा, तेलाखाली भेग लपते. चौतीस वर्षांची सवय हातात. पुरावा समोर ठिबकत होता, शेजारपाजारच्या चार जणांना बोलवायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, ते सोडून यानं फडक्यानं घासून घासून तो पुसून काढला आणि मग समाधानानं म्हणाला, हे बघा, सापडला दोष! फडकंसुद्धा धुऊन वाळत घातलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झालीच नसती. दुसऱ्याला चाक उघडता आलं नसतं, आणि आलं असतं तर त्यानं एवढं स्वच्छ केलं नसतं.

कंपनीवर ग्राहकांच्या कोर्टात दावा लावायला मधूनं वकील केला; त्यानं हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, जे झालं ते झालं, आता चाक उघडल्याचा शब्दही काढू नका, चार वेळा तक्रार केल्याचे कागद आहेत तेवढे पुरे. मधू म्हणाला, ठीक. घरी आला आणि अर्जात स्वतःच्या हातानं लिहिलं की अमुक दिवशी सकाळी मी स्वतः चाक उघडलं, तेलगळती पाहिली, भाग पुसले, परत बसवले. मी म्हटलं, "वकील काय म्हणाला, ऐकलं नाही का?" तर म्हणे, "काम केलं तं लिहा लागते. मशीन उघडून लिहिलं नाही तं दुसऱ्या शिफ्टवाला मरते." मी म्हटलं, इथे कोणती शिफ्ट आहे? इथे तू एकटा आहेस, आणि पलीकडे तुझ्या डोक्यावर बसायला टपलेले लोक आहेत. ऐकलं नाही. कंपनीकडून उत्तर आलं त्यात तेच होतं. वकिलानं वाचून दाखवलं. वाहनाचे ब्रेक अनधिकृत आणि अप्रशिक्षित व्यक्तीने उघडले, त्यामुळे आमची जबाबदारी संपते. शिवाय चालकाचं वय पाहता पेडल चुकण्याची शक्यता नाकारता येत नाही. मधू ते ऐकून घरी आला आणि जेवताना मध्येच थांबला. "अप्रशिक्षित," म्हणाला. पुन्हा थोड्या वेळानं, "अप्रशिक्षित." पोळी तशीच ताटात.

गाडी पुरावा आहे म्हणून त्यानं ती झाकून ठेवली. तज्ज्ञ येऊन तपासेल, तोवर कोणी हात लावायचा नाही. तज्ज्ञ कोण, कधी येणार, यावर समोरचा वकील दर वेळी काही ना काही कारण काढून पुढची तारीख मागायचा. एकदा त्याचे साहेब बाहेरगावी, एकदा कागद मिळाले नाहीत, एकदा वकीलच आजारी. माझ्या गुडघ्यांसाठी आणलेली गाडी अंगणात चादर पांघरून उभी, आणि मी पुन्हा ऑटोत, कण्हत. दोन उन्हाळे गेले. मधू दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बसनं दुर्गला जायचा, दिवसभर बाकावर बसून परत यायचा. मध्ये एकदा त्या मॅनेजरचा निरोप आला. सगळे ब्रेक नवे बसवून देतो, वॉरंटी वाढवून देतो, फक्त एका कागदावर सही करा की गाडीत मुळात दोष नव्हता. मी म्हटलं, कर सही. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, "तुले गाडी पाह्यजे का भांडण?" तो म्हणाला, "मले गाडी नको. मी खरं बोलून राहिलो, एवढंच लिहून पाह्यजे."

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. सहीवरून वाद झाला त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते, गरमी होती, वीज गेलेली. मी चिडून बोलले, "दहा लोक म्हणतात तं काय सगळे खोटे? असन, तुहाच पाय चुकला असन. म्हातारा झाला तू."

त्यानं मग शांतपणे विचारलं, "ताई, तू माह्या बाजूले बसली होती. माहा पाय पाह्यला का तू?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाला. "कोणी विचारलं तं असंच सांगजो. पाह्यला नाही म्हणून."

त्यानंतर या विषयावर तो माझ्याशी बोलला नाही. खटल्याचे कागद माझ्यासमोर काढायचा नाही. तारखेला जाताना "येतो" एवढंच म्हणायचा. चार तारखा तशा गेल्या, आणि पाचवीला तो त्या बाकावर पडला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, हे डोक्यात घेऊन माझा भाऊ गेला. मला कोणी गोड समजूत घालू नये. मी तेव्हा तसंच म्हटलं होतं.

तेरावं झालं. रामबती दारात आली, लंगडतच चालते अजून. एक टोपली भाजी ठेवली आणि झाकलेल्या गाडीकडे बघून म्हणाली, "एखर फैसला होइस का, दीदी?" मी म्हटलं, नाही झाला. ती म्हणाली, "त अब कोन लड़ही?"  चार दिवसांनी वकील आला. मधूला बायको-पोरं नाहीत, तेव्हा वारस म्हणून माझं नाव लागेल, म्हणाला. खटला बंद करायचा तर तसं सांगा, चालवायचा तर या कागदावर सही करा. हिंदीत टाइप केलेला कागद. मी चष्मा लावून बोट ठेवून वाचायला लागले. तो म्हणाला, "माताजी, आप बस साइन कर दीजिए, मैंने सब ठीक लिखा है." मी म्हटलं, बस, चहा घे, मला वाचायला वेळ लागतो. वाचता वाचता एका ओळीवर आले. तिथे माझ्या नावानं लिहिलं होतं: मी चालकाच्या शेजारी बसले होते आणि चालक ब्रेक पेडल वारंवार दाबत आहे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, "हे खोटं आहे."

वकील म्हणाला, "अंकलजी ने खुद अपने बयान में लिखा है, बार-बार दबाया. आपको सिर्फ़ वही कहना है. आप ही तो एक गवाह हैं."

"मी पाय पाहिला नाही. मी समोर बघत होते."

"माताजी, वे अब नहीं हैं. सच-झूठ का हिसाब बाद में..."

"चूप," मी म्हटलं. त्याला नाही, मला स्वतःलाच म्हटलं. कारण तो 'बार-बार' शब्द माझ्या डोक्यात अडकला होता. मी उठले, अंगणात गेले, गाडीवरची चादर ओढली आणि डाव्या बाजूला, जिथे त्या दिवशी बसले होते तिथे जाऊन बसले. वकील मागोमाग आला, बिचारा घाबरला असावा. मी डोळे मिटले. पिशवी मांडीवर. समोर ओव्हरब्रिजचा उतार, हातगाड्या. आणि उजवीकडून, खालून, धप. धप. धप. पाय जमिनीला जाऊन लागतो तसा, जोरात, तीनदा, चारदा... मी ऐकलं होतं ते. त्या वेळीही ऐकलं होतं, पण त्यापुढे रामबतीची किंचाळी, आणि मग लोकांचा कालवा, आणि मला त्या आवाजाचं कोणी कधी काही विचारलंच नाही. इंजिन ओरडलं नव्हतं. एक्सिलरेटर दाबला असता तर गाडी ओरडली असती. आणि एक्सिलरेटर कोणी चारदा लाथ मारल्यासारखा मारत नाही. ब्रेक लागत नसला की माणूस तसं करतो. हे समजायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही.

मी वकिलाला सांगितलं, ती ओळ खोड. लिही, पाय पाहिला नाही, आवाज ऐकला, किती वेळा ते लिही, इंजिनाचा आवाज वाढला नव्हता ते लिही. तो म्हणाला, देखा हुआ ज़्यादा मज़बूत होता है, माताजी. मी म्हटलं, चाक उघडलं हे ज्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, त्याच्या बाजूनं मी खोटी सही करणार नाही. हरलो तर हरलो. त्यानं गाडीच्या टपावर कागद ठेवून पेनानं दुरुस्ती केली, मी सही केली, माझी मोठी मोठी अक्षरं कागदाच्या बाहेर गेली. तज्ज्ञाच्या तपासणीचा अर्जही पुन्हा लावायला सांगितला. पुढच्या तारखेला मी जाणार आहे, ऑटोनं, कण्हत. समोरच्या वकिलाला काय विचारायचं ते विचारू दे.

पण राग जात नाही. कंपनीवर आहे, त्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यावर आहे, माझ्यावर तर आहेच. आणि मध्यावर आहे. हा माणूस क्रेनखाली उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा की कोणत्या बाजूचा ब्रेक सैल झालाय, इंजिनिअर लोक त्याला घरून बोलावून न्यायचे, आणि त्यानं मला विचारलं काय, तर पाय पाहिला का? अरे, काय ऐकलं ते विचारायचं ना! बहिणीलाही कान आहेत हे त्याला सुचलं नाही. आणि त्यानं जेवढं विचारलं तेवढंच मी सांगितलं, एक शब्द जास्त नाही. दोघांचा स्वभाव एकच.

वकील गेल्यावर मी फिरून पलीकडे गेले आणि त्याच्या सीटवर बसले. पहिल्यांदाच. सीट त्याच्या लांब पायांच्या मापानं पार मागे सरकवलेली आहे. ब्रेकपर्यंत माझा पाय पोचत नाही, बोटंसुद्धा टेकत नाहीत. सीट पुढे ओढायची दांडी कुठे असते ते मला माहीत आहे. मी ओढली नाही, कोणाला ओढू देणार नाही. गाडी परत झाकून ठेवली आहे. तज्ज्ञ म्हणून जो कोणी येईल त्यानं आधी तिथे, तशाच सीटवर बसायचं, ब्रेकवर पाय दाबायचा, आणि तो जमिनीला लागेपर्यंत मी बाजूला बसून ऐकणार आहे.